आत्या बोलायला उभी राहिली

माझी आत्या सरकारी शाळांच्या मंडळात अंदाजपत्रक तयार करायची. कुठल्या शाळेला नर्स मिळणार, कुठल्या बसला नवे टायर, कुणाची जागा भरणार, सगळं तिच्या टेबलावरून पुढे जायचं. टेबलाशेजारी एक बादली असे. छतातला पाइप गळायचा. थेंबाला घाई नसायची. पडायचा तेव्हा पडायचा. दुपारी आत्या स्वतःच बादली मोरीत ओतून यायची. कचेरीची दुरुस्ती दरवर्षी लांबणीवर पडे. यंदा मात्र तरतूद झाली होती.

आत्याचा शब्दही त्या थेंबासारखाच. ती अडखळायची. लहानपणी पाणी हवं असलं तर नुसतं भांडं पुढे करायची. मग शाळेत स्पीच थेरपीच्या बाई येऊ लागल्या. त्यांनी तिला शब्दाआधी हलकी फुंकर सोडायला शिकवलं, गरम दुधावर घालतो तशी. अडखळणं गेलं नाही. त्याच्यामागे लपणं गेलं.

यंदा पैसे कमी पडले आणि साहेबांनी नेमकी स्पीच थेरपीच्या बाईंचीच जागा कापली. आता त्या जागेवर एक तरुण बाई होत्या, दिवसभर या शाळेतून त्या शाळेत धावणाऱ्या. आत्या साहेबांकडे गेली.

"अहो, मोठी झाली की पोरं बोलतातच," साहेब म्हणाले.

"मी मोठी झ... झालेय, साहेब."

साहेबांनी फाइल मिटली.

राहता राहिली जनसुनावणी. अंदाजपत्रक मंजूर होण्याआधी मंडळ कुणाही नागरिकाला तीन मिनिटं बोलू देई. आत्याने रजा टाकली आणि नाव नोंदवलं.

"लिहून दे की," बाबा म्हणाले. "तीन मिनिटांत तुझा नमस्कार तरी पुरा होईल का?"

"बोलायला शिकवणाऱ्या बाईंसाठी लि... लिहून देऊ, दादा?"

बाबांनी घड्याळ काढलं आणि तिचा सराव घ्यायला बसले. एकदाही तीन मिनिटांत जमलं नाही.

सुनावणी एका शाळेच्या सभागृहात होती. बाबा आणि मी मागच्या बाकावर. आत्या माइकपाशी गेली. तिने फुंकर सोडली. माइकमधून ती वाऱ्यासारखी ऐकू आली. मग "मी" आला. मग बराच वेळ काहीच नाही. कुणीतरी खोकलं. बाबांनी माझा हात दाबून धरला. ती शाळेपर्यंत पोचली, बाईंपर्यंत पोचली, आणि घंटा वाजली.

"वेळ संपली, बाई," अध्यक्ष म्हणाले. "पुढचे कोण?"

पुढचा शाळेच्या बसचा ड्रायव्हर होता. बसमधला हीटर बंद पडलाय, पोरं कुडकुडतात, हे सांगायला आलेला. तो जागचा हलला नाही.

"माझी मिनिटं यांना द्या."

"असं कसं देता येईल?"

"माझीच आहेत ना? हीटर काय, उद्याही बंदच असणार आहे."

सभागृह हसलं. त्याच्यामागे शाळेच्या स्वयंपाकघरातल्या मावशी उभ्या होत्या. "माझीपण घे गं बाई. फक्त शेवटी आमच्या भांड्यांचं तेवढं बोल."

अध्यक्षांनी हात हलवला: चालू द्या.

आत्याने पुन्हा फुंकर सोडली. आता तिला घाई नव्हती. लहानपणी त्या बाई भेटल्या नसत्या तर आज ती इथे उभी नसती, असं तिने सांगितलं. आज नव्या बाईंकडे शिकणारी पोरं इथे येऊन बोलू शकत नाहीत, हेही सांगितलं. मग पहिल्या रांगेत बसलेल्या साहेबांकडे सरळ पाहिलं.

"आमच्या कचेरीची दु... दुरुस्ती यंदा नको. तेवढ्या पैशांत ही जागा वर्षभर टिकते. पुढच्या वर्षाचं मी बघते."

"आणि तुमची गळती?" अध्यक्षांनी विचारलं.

"बादली आहे," आत्या म्हणाली. अजिबात न अडखळता. मग तिला आठवलं. "आणि स्वयंपाकघरात भां... भांडी कमी आहेत. आणि बसचा हीटर."

मंडळाने जागा ठेवली, दुरुस्ती काढली. दुसऱ्या दिवशी साहेब तिच्या खोलीच्या दारात आले, बादलीकडे पाहिलं आणि परत गेले. पुढे कित्येक दिवस ते तिच्याशी निरोपानेच बोलत.

आत्याने बादली ओतली, जागेवर आणून ठेवली. मग पुढच्या वर्षाचा कोरा कागद ओढून सगळ्यात वर बसचा हीटर लिहिला.