पट्टीखालची नावं

आमच्या मॅडम फार हुशार आहेत, असं सगळे म्हणतात. मी सोळा वर्षं त्यांच्या हाताखाली स्लाइड रंगवते आहे, त्यामुळे मला त्यांचा हट्टीपणाच जास्त ठाऊक आहे.

मेंदूच्या गाठींवर त्यांचं संशोधन चालतं. शरीरातल्याच रक्षक पेशींना जागं करून गाठीवर सोडायचं, हे त्यांचं काम. गाठीचा पातळ काप काचेच्या स्लाइडवर घेऊन, रंगवून त्यांच्या मायक्रोस्कोपखाली ठेवायचा, हे माझं. पहिली आठ वर्षं उंदरांवर जमलेलं माणसांवर फसायचं. त्यांची आई फोनवर म्हणायची, "अगं, उंदीर झाले ना बरे? आता माणसांचं बघ की!"

स्लाइडवरच्या नावावर मी काळी चिकटपट्टी लावते आणि वर नुसता नंबर लिहिते. हा मॅडमचा दंडक, कारण एकदा त्यांनी माती खाल्ली होती. तेव्हा पट्टी नव्हती. एक पेशंट रोज त्यांच्याशी बुद्धिबळ खेळायचा. त्याची स्लाइड आली आणि मॅडमना जिकडेतिकडे रक्षक पेशीच दिसल्या. शंका आली ती पेशीही त्यांनी रक्षकांतच धरली. औषध लागू पडतंय, असं कळवलं. पडत नव्हतं. त्याचे दोन महिने वाया गेले, आणि त्याच्याकडे तेवढेच होते.

गेल्या वर्षी एक गवंडी आला. डाव्या हातातून विटा निसटायला लागल्या म्हणून तपासलं, तर मेंदूत गाठ. काढली, पुन्हा उगवली. मग मॅडमचं औषध सुरू झालं. तीन डोस झाले आणि स्कॅनमध्ये गाठ आधीपेक्षा मोठी दिसली.

सर्जन म्हणाले, "बंद करू या. उगाच छळ कशाला?"

"रक्षक पेशी आत जमल्या की सूज येते, तीही स्कॅनवर गाठीसारखीच दिसते," मॅडम म्हणाल्या. "एक तुकडा काढून द्या, त्यात रक्षक पेशी किती ते मोजते."

"आणि गाठच असली तर?"

"तर मी स्वतः बंद करते."

निर्णयाची बैठक चार वाजता होती. मी नऊ जुन्या स्लाइडमध्ये गवंड्याची मिसळली, सगळ्यांना पट्ट्या लावल्या. मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. "तू बाहेर जा."

"का? मी काय केलं?"

"तुझ्या तोंडावर सगळं दिसतं."

असा राग आला! सोळा वर्षांनी हे ऐकायचं? पण खोटं नव्हतं. गवंड्याची सहा नंबरची स्लाइड त्यांनी उचलली असती, तर माझा श्वासच अडकला असता.

बाहेर बाकावर गवंड्याची बायको बसली होती. "ताई, आत काय चाललंय?"

"मोजताहेत."

"मग सांगा ना त्यांना, जरा सढळ हाताने मोजा म्हणावं."

मी तिच्या शेजारी बसून राहिले.

तीन वाजता मॅडमनी दहा आकड्यांचा कागद माझ्या हातात ठेवला. मी पट्ट्या सोलल्या. सहा नंबर: शंभरात एकाहत्तर रक्षक पेशी.

"त्याचीच?"

मी मान डोलावली. मॅडम हसल्यासुद्धा नाहीत. "पट्ट्या परत लाव, नंबर बदल आणि शेजारच्या विभागातल्या डॉक्टरांकडून मोजून आण."

"वेळ कुठे आहे?"

"म्हणून तर पळ!"

पळाले. त्यांचा आकडा अडुसष्ट आला. औषध चालू राहिलं.

दहा आठवड्यांनी स्कॅन झाला. गाठ निम्मी झाली होती. सांगायला मॅडम स्वतः गेल्या, मी मागोमाग. गवंड्याची बायको उठून उभी राहिली. "म्हणजे गेलं का सगळं?"

हो म्हणा, मी मनातल्या मनात विनवत होते, एकदा तरी हो म्हणा.

"नाही," मॅडम म्हणाल्या. "निम्मी गाठ आहे अजून. पुढचं मला सांगता येणार नाही."

बाई म्हणाली, "उरलेलं लपवलं नाहीत तुम्ही. म्हणजे अर्धी गेली, ती खरंच गेली."

आणि मॅडमच्या गळ्यात पडून ती रडायला लागली. मॅडमही रडल्या.