ड्युटी आहे, भिऊ नका

माझे बाबा डॉक्टर आहेत, असं ऑफिसात सगळ्यांना दोन वर्षं वाटत होतं. मी तसं कधी म्हटलं नव्हतं. हिंजवडीतल्या कंपनीत पहिल्याच दिवशी जेवताना आमच्या टीम लीडनं विचारलं, "बाबा काय करतात गं?" मी म्हटलं, "सरकारी दवाखान्यात असतात." ती म्हणाली, "अरे वा, डॉक्टर!" आणि मी मान हलवली. मान होकारार्थी हलली होती, हे मला पक्कं आठवतं.

बाबा यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या दवाखान्यात वॉर्डबॉय आहेत. स्ट्रेचर ढकलतात, सिलिंडर हलवतात, महिन्यातल्या निम्म्या रात्री ड्युटीवर असतात. त्या रात्रींच्या जोरावर मी इंजिनिअर झाले. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे छाती पुढे काढून सांगण्यासारखं आहे, ते मला तेव्हाही कळत होतं. पण त्या टेबलावर कुणाचे वडील प्राध्यापक होते, कुणाची आई शाळेची मुख्याध्यापिका. माझी मान हलली, आणि एकदा हललेली मान परत कशी हलवायची ते काही सुचेना.

मग लोक सल्ले विचारू लागले. टेस्टिंगमधल्या मित्राचा गुडघा दुखायचा. "काकांना विचार ना." मी घरी फोन करायचे आणि "ऑफिसातला एक जण विचारतोय" एवढंच सांगायचे. बाबा शांतपणे ऐकून घेत, ड्युटीवरच्या सिस्टरशी बोलत आणि दरवेळी एकच उत्तर देत, "त्याले म्हण, डॉक्टरले दाखव." मी ते जसंच्या तसं कळवायचे. ऑफिसात बाबांची कीर्ती वाढत गेली. लीड म्हणायची, "बघा, स्वतः डॉक्टर असून दुसऱ्याकडे पाठवतात. असे डॉक्टर राहिलेत कुठे?" ही लीड जुन्या पुण्यातली, कौतुकाच्या बाबतीत अत्यंत काटकसरी. तिनं एवढं कौतुक केल्यावर मला रात्री झोप लागायची नाही.

अशात टीमच्या सहलीचा विषय निघाला. गुडघेवाल्या मित्रानं भूतशोधाची मोहीम शोधून काढली. खडकीच्या पुढे झाडीत एक जुनं खासगी रुग्णालय बरीच वर्षं बंद पडलं होतं. मालकाची परवानगी काढून काही हौशी मंडळी तिथं शनिवारी रात्रभर लोकांना घेऊन जात. सगळे खूश झाले. मला भुतांची भीती नव्हतीच. दवाखान्याच्या क्वार्टरमध्ये वाढलेल्या पोरीला भूत म्हणजे शेजारी. मला भीती होती ती स्वतःच्या तोंडाची. दवाखान्यात शिरल्यावर ते काय बोलून जाईल, याचा नेम नव्हता.

झालंही तसंच. ऐनवेळी बाकीचे गळाले आणि आम्ही चौघंच उरलो: लीड, गुडघेवाला, मी आणि मोहिमेचा म्होरक्या. हा दिवसा बँकेत काम करायचा आणि भुतांशीही बँकेतल्यासारखाच बोलायचा. त्याच्या हातात पाच दिव्यांचं एक यंत्र होतं. भूत जवळ आलं की दिवे लागतात म्हणे. ते पहिल्यांदा माझ्या मोबाइलला पाहून लागलं, दुसऱ्यांदा लीडच्या मोबाइलला.

"ही ड्रेसिंगची खोली," मी बोलून गेले.

"तुला कसं कळलं?" म्होरक्या दचकला.

"बेसिनचा नळ कोपरानं सोडायचा आहे."

"डॉक्टरची मुलगी आहे ती," लीडनं अभिमानानं सांगितलं. मी अंधारात डोळे मिटून घेतले.

पुढे भिंतीतल्या एका चौकोनी भोकातून गार वारा येत होता. म्होरक्यानं कुजबुजत सांगितलं, "इथं तापमान अचानक उतरतं." मी म्हटलं, "उतरणारच. मळक्या चादरी खाली टाकायचं भोक आहे ते." गुडघेवाला एवढ्या मोठ्यांदा हसला, की म्होरक्यानं त्याला गप्प बसवलं. मग लीडला हसू आलं. तिला हसताना मी दोन वर्षांत पाहिलं नव्हतं. ती आधी नाकातून हसते, मग खांद्यांनी, आणि शेवटी तिला भिंत धरावी लागते. म्होरक्या प्रत्येक दारात उभा राहून गंभीर आवाजात म्हणायचा, "इथं कोणी असेल तर खूण द्यावी."

"खूण काय मागता? आधार कार्ड मागा," लीड म्हणाली, आणि आम्ही तिघं जिन्यात बसकण मारून हसलो. पोट दुखेपर्यंत. इतकं हसू मला पुण्यात आल्यापासून आलं नव्हतं. हसता हसताच मनात आलं, की ही माणसं मला आवडतात. आणि लगेच दुसरं, की यांना खरं कळलं तर ही पुन्हा माझ्याशेजारी अशी जिन्यात बसतील का?

शेवटचा मोठा वॉर्ड वरच्या मजल्यावर होता. तिथं एकेकट्यानं जायचं, असा नियम. चिठ्ठी माझी निघाली. बाकीचे माझ्या मागे दोन पावलांवर, दाराबाहेर थांबले.

इथं बाबांची एक सवय सांगायला हवी. रात्री वॉर्डात शिरताना ते कधी थेट आत जात नाहीत. अर्धवट झोपेतल्या पेशंटला अंधारात अचानक कुणी दिसलं की तो घाबरतो, असं ते म्हणतात. म्हणून ते चौकटीवर बोटाच्या पेरानं दोनदा हलकं वाजवतात आणि खालच्या आवाजात म्हणतात, "ड्युटी हाये, भिऊ नका." मग बॅटरी पायाकडे धरून आत जातात. लहानपणी मी त्यांचा डबा घेऊन जायचे, तेव्हा तसंच करायचे. त्याशिवाय वॉर्डात पाय टाकायचा नसतो, अशी माझी समजूतच होती.

त्या वॉर्डाच्या दारात माझा हात आपोआप वर गेला. टक् टक्. "ड्युटी हाये, भिऊ नका."

आतून आवाज आला, "नाही भीत. या."

बॅटरीच्या उजेडात, वॉर्डाच्या मधोमध, एक पांढरंशुभ्र काहीतरी हळूहळू उठून बसलं.

त्यानंतरचे काही क्षण मला सलग आठवत नाहीत. गुडघेवाला तीन-तीन पायऱ्या गाळत खाली गेला, हे नक्की. त्या दिवसापासून त्याच्या गुडघ्यावर कुणी विश्वास ठेवत नाही. म्होरक्या यंत्र टाकून पळाला. लीडची एक चप्पल पायातून निसटून वॉर्डात उडाली. मी मात्र जागची हललेच नाही. शौर्य वगैरे काही नव्हतं, पाय उचललाच जाईना. शिवाय त्या पांढऱ्या आकारातून खोकल्याचा आवाज आला, आणि तो खोकला अगदी माणसाचा होता.

ती मच्छरदाणी होती. आत त्या इमारतीचे रखवालदार काका होते. फाटकाजवळच्या खोलीत डास फार, म्हणून ते वर जुन्या लोखंडी खाटेवर येऊन झोपत. मच्छरदाणीतून डोकं बाहेर काढून त्यांनी विचारलं, "झालं तुमचं? की अजून कोणाला मरायचंय?"

हळूहळू बाकीचे परत आले. लीड एका पायात चप्पल घालून, तरीही ताठ मानेनं. काकांनी तिघांकडे पाहिलंही नाही. माझ्याकडे बघून म्हणाले, "दार वाजवलंस ते तू ना? कुठं शिकलीस?"

"बाबांकडून."

"हिचे बाबा डॉक्टर आहेत," लीड म्हणाली.

काका हसले. "बाई, बावीस वर्षं मी याच वॉर्डात वॉर्डबॉय होतो. दार वाजवून आत येणारा डॉक्टर मी एकही पाहिला नाही." एवढं बोलून त्यांनी तांब्यातलं पाणी प्यायला सुरुवात केली. पुढचं माझ्यावर सोडलं.

मान हलवून वेळ मारून नेता आली असती. पण ज्या दारात बाबांचे शब्द माझ्या तोंडून निघाले होते, त्याच दारात उभं राहून त्यांना नाकारायचं मला जमेना.

"बाबा वॉर्डबॉय आहेत," मी म्हटलं. "डॉक्टर नाहीत. मी पहिल्या दिवशी मान हलवली होती."

गुडघेवाला म्हणाला, "म्हणजे माझा गुडघा...?"

"ड्युटीवरच्या सिस्टरला विचारून सांगायचे."

"पण बरा झाला की!"

"ते आत्ता पाहिलं आम्ही जिन्यात," लीड म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "दोन वर्षं मी त्यांना प्रामाणिक म्हणत होते. ते माझं बरोबरच निघालं. चूक निघाली ती तुझ्या बाबतीत." ते लागलं. लागायलाच हवं होतं. मग तिनं हात पुढे केला. "फोन लाव. ड्युटीवर असतील ना आत्ता?"

होते. स्पीकरवर बाबांचा आवाज आला, "काहून वं माय, इतक्या रात्री? बरं हाये ना?"

मी सगळं सांगितलं. मान हलवल्याचंही. पलीकडे ट्रॉलीचं चाक करकरत गेलं, मग बाबा म्हणाले, "ठाऊक होतं मले. मागं तुह्या फोनवरून एक पोरगं मले 'डॉक्टरसाहेब' म्हणालं होतं. म्या म्हटलं, नवी नोकरी हाये लेकीची, असू दे. म्हणून तं दरवेळी सांगत होतो, डॉक्टरले दाखव."

गुडघेवाल्यानं कान पकडले. म्हणजे, ते पोरगं तोच.

लीडनं घसा साफ केला. "काका, आपण आम्हाला दोन वर्षं योग्य सल्ला दिलात. एक आणखी विचारायचं आहे. पळताना माझी चप्पल वॉर्डात राहिली. आत जाताना काय करायचं असतं?"

"दोनदा वाजवाचं, ताई. हळू. अन् सांगाचं, भिऊ नका."

लीडनं जाऊन चौकटीवर टक् टक् केलं आणि सदाशिव पेठेतल्या स्वच्छ उच्चारात म्हणाली, "ड्युटी आहे, भिऊ नका."

"घाला ती चप्पल आणि झोपू द्या," मच्छरदाणीतून काका ओरडले. फोनमधून बाबा हसू लागले. म्होरक्याचं यंत्र जमिनीवर पडल्या पडल्या पाचही दिवे लावून बसलं होतं. मग आम्ही चौघं पहाटेपर्यंत त्या इमारतीतल्या एकेका दारावर टकटक करत हिंडलो, आणि प्रत्येक दारात कोण बोलणार यावरून भांडलो.