थोडे दिवस थांबा, वहिनी

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. भावाला तर नाहीच — आणि सांगायला हवं होतं ते त्यालाच. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही आमच्या घरचे नाही, म्हणून असेल.

आज मी अंबाजोगाईला कॉलेजात शिकवतो. त्याआधी पुण्यात एका प्रयोगशाळेत होतो. काम एका एन्झाइमवर. पेशीचे दोन भाग होताना हे एन्झाइम दुसऱ्या प्रथिनांवर फॉस्फेटची खूण उमटवतं; कॅन्सरच्या पेशीत ते फाजील असतं. ते नेमक्या कुठल्या प्रथिनांवर खुणा करतं, ते आम्ही शोधत होतो. एन्झाइम बंद पाडणारं रसायन पेशींना द्यायचं आणि कुठल्या खुणा गेल्या ते बघायचं. पण खूण गेली म्हणजे झालं, असं नाही. ती दुसऱ्याच कशामुळे गेली असेल तर? म्हणून प्रत्येक प्रयोग मी तीनदा करायचो. आकडे जुळले नाहीत तर ते प्रथिन यादीतून खोडायचो. त्या कामात मी कधी खोटं बोललो नाही. बढाई म्हणून नाही सांगत — पुढचं कळावं म्हणून सांगतो.

गावाकडे, धर्मापुरीला, यातलं काय सांगणार? एका दिवाळीत थोरल्या भावानं चारचौघांत विचारलं. मी म्हणालो, आमच्याकडे एक औषध आहे, त्यानं कॅन्सरच्या पेशी वाढायच्या थांबतात. शब्द न् शब्द खरा होता. प्रयोगशाळेतल्या बशीत थांबतातच. बशीचं मी बोललो नाही. त्या दिवसापासून मी कॅन्सरचं औषध काढणारा झालो. पारावर म्हातारी माणसं सरकून मला जागा द्यायची. एक जुना दोस्त चिडवायचा, "काय बे डॉक्टर, निघाली का गोळी?" मी हसायचो. बरं वाटायचं.

मग श्रावणात वहिनींचा फोन आला. आई गेल्यावर मला त्यांनीच जेवू घातलं, वाढवलं. आधी कापसाचं बोलल्या, मग पोरांचं. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, छातीला गाठ लागतेय, दुखत नाही, पण कुणाला बोलू नका. परळीच्या डॉक्टरीणबाईंनी मोठ्या दवाखान्यात जायला सांगितलं होतं. वहिनींना कापाकापीची भीती वाटत होती.

"भावजी, तुमचं ते औषध कदी येनार हाय? तवर थांबले तर चालंल का?"

इतकं सरळ विचारलं होतं. उत्तरही सरळ होतं — आमच्याकडे औषध नाही, एक यादी आहे, उद्याच जा. एवढं बोलायला कितीसा वेळ लागतो?

मी म्हणालो, "काम चालू आहे. थोडे दिवस थांबा, वहिनी."

तेव्हा मला कळलं नव्हतं, असं पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आलो. कळलं होतं. गाठ थांबत नाही, हे त्या घरात माझ्याइतकं कुणाला ठाऊक होतं? फक्त — पारावरची ती जागा जाईल, असं वाटलं. एवढंच. दुसऱ्या दिवशी फोन करता आला असता. पुढच्या आठवड्यातही. मी केला नाही.

संक्रांतीच्या सुमारास त्यांचा हात सुजला, तेव्हा भावाला कळलं. तोवर ते दुखणं यकृतापर्यंत गेलं होतं. श्रावणातच गेल्या असत्या तर वाचल्या असत्या का? ठाऊक नाही. तो प्रयोग परत करता येत नाही.

तेराव्याला भावानं माझ्या पाठीवर हात ठेवला. "तुझं औषध येईस्तोवर टिकली न्हाई बग ती. तू मनाला लावून घिऊ नको, बापू."

मी मान खाली घालून जेवलो.

पुढे आमचा शोधनिबंध छापून आला. यादीतलं एक प्रथिन पक्कं ठरलं होतं. माझं नाव चौथं. भावानं त्याचं पहिलं पान मागून नेलं आणि फ्रेम करून घेतली. त्यातलं एक अक्षर त्याला वाचता येत नाही. वहिनींच्या फोटोशेजारी त्यानं ती लावलीय. पाहुणे आले की दाखवतो — हिच्यासाठी केलंय म्हणून.

दर दिवाळीला माझं ताट त्या भिंतीसमोरच वाढतात. मी जेवतो.