एकच अल्बम होता त्यांचा

सापडला, सापडला! त्या जर्मन जोडीचा एकुलता एक अल्बम नेटवर अख्खा सापडला! बासरी सुरू झाली आणि मी थेट नव्वदच्या ऑगस्टमध्ये, कुवेतमधल्या जाब्रियातल्या आमच्या फ्लॅटमध्ये. इराकी सैन्य घुसलेलं, फोन बंद, दुकानं लुटलेली. शेजारच्या नर्सताई जॉर्डनमार्गे आमच्याच गावी, चिपळूणला निघालेल्या. त्यांच्याबरोबर आजीला आवाज पाठवायचा, तर घरात कोरी कॅसेट नाही. आईने बाबांच्या याच अल्बमच्या कॅसेटची खाच चिकटपट्टीने बुजवली, म्हणजे तिच्यावर पुन्हा रेकॉर्ड करता येईल.

"अगं, एकच अल्बम आहे त्यांचा!" बाबा ओरडले.

"आणि तुमच्या आईला मुलगे किती?"

बाबांनी रेकॉर्डचं बटण दाबलं. "आई, आम्ही सुखरूप आहोत गं."

गाणी पुसली म्हणून मी केवढी रुसले होते! गाणी काय, मिळाली. आजी मात्र "माझा पोरगा जिवंत आहे ना?" विचारत विचारतच गेली. कॅसेट चिपळूणला त्यानंतर पोचली.