पेरांवरचा चहा

"थांबा, आठवतंय," असं म्हणून चहाच्या ठेल्यावरचे काका डोळे मिटायचे आणि उजवा अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरवायचे. करंगळीच्या पहिल्या पेरावर वकीलबाईंचा बिनसाखरेचा, दुसऱ्यावर झेरॉक्सवाल्याचा कडक, पुढच्या बोटावर बँकेतल्या शिपायाचे दोन कटिंग. डोळे उघडले की ज्याचा चहा त्याच्याच हातात. बघणारे कौतुकानं हसायचे. मी मात्र जळायचे.

काकांना स्किझोफ्रेनिया होता. ठाण्यात या आजाराच्या माणसांसाठी दिवसभराचं एक केंद्र आहे. तिथला चहाचा ठेला हीच मंडळी चालवतात. माझा दादाही तिथलाच. आजार तोच, गोळीसुद्धा तीच. दोघांची पाकिटं शेजारी धरून मी पाहिलीयत. या आजारात आवाज ऐकू येतात, हे तुम्हीही ऐकलं असेल. डोक्यात गोष्ट टिकत नाही, हे मात्र कुणी सांगत नाही. माझं ऑफिस जवळच, म्हणून जेवणाच्या सुट्टीत मी ठेल्यावर असायचे. दादा ऑर्डर ऐकून वळायचा आणि स्टोव्हपाशी पोचेपर्यंत मला विचारायचा, "काय म्हणाले गं ते?"

केंद्राच्या मॅडमनी सांगून ठेवलेलं, दिवाळीपर्यंत जमलं नाही तर दादाला कागदी पिशव्या चिकटवायला बसवू. ठेल्यावर चार माणसं बोलायची त्याच्याशी. पिशव्यांच्या खोलीत समोर भिंत होती.

मी आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट. हे मी सगळीकडे सांगते, इथेही सांगितलं. वडील गेले तेव्हा दादा दहावीला वर्गात पहिला आलेला. तरी त्यानं जीन्स शिवायच्या कारखान्यात काम धरलं, म्हणून मी कॉलेजात गेले. त्यामुळे "याचं डोकं बेताचंच दिसतंय" असं कुणी म्हटलं की मी भांडायलाच उठते. काकांना हे बरोबर कळलेलं. "काय ग्रॅज्युएट, आज कुणाशी?" असं हसून विचारायचे.

एकदा काका तापानं पडले, म्हणून मी आणि दादा त्यांना बघायला वर्तकनगरला गेलो. त्यांची मोठी बहीण निवृत्त शिक्षिका. दार उघडताच ओठांवर बोट ठेवून म्हणाली, "झोपलाय. बसा." काकांना स्वतःची खोली होती. खिडकीबाहेर जांभूळ, आणि खोलीला दार. आमच्याकडे विठ्ठलवाडीला एका खोलीत आई, दादा, मी, धाकटा भाऊ आणि भावजय. खाली शिलाईच्या मशिनी, उशाशी टीव्ही, पहाटे पाण्याची बोंब.

काका उठून बाहेर आले. दादाचे तारवटलेले डोळे बघून त्यांनी मला साधेपणानं विचारलं, "तुमच्याकडे दार नाही?"

"आहे की," मी तोऱ्यात म्हटलं. "पण ते सगळ्यांचं आहे."

ते दादाकडे वळले. "तू राहा रे इथे थोडे दिवस. मी घोरत नाही."

"घोरतो," बहीण म्हणाली. "पण राहा."

दादा राहिला. दिवाळीच्या तोंडावर मी ठेल्यावर गेले, तर त्याचाही अंगठा पेरांवरून फिरत होता. "वकीलबाई बिनसाखरेचा, झेरॉक्स कडक, शिपाई दोन कटिंग." एकही चूक नाही. मॅडम म्हणाल्या, "आता ठेल्यावरच राहा." काका माझ्याकडे बघून म्हणाले, "बघा ग्रॅज्युएट, तुमचा भाऊ हुशार आहे."

आनंद झाला, नाही असं नाही. पण जळले त्याहून जास्त. माझ्या भावाचं डोकं शाबूत होतं, आणि ते मला दुसऱ्याच्या घरी सापडलं. त्याला झोप मिळाली, कुणी खेकसलं नाही, एवढंच झालेलं. तेवढं मला डिग्री घेऊनही देता आलं नव्हतं. काकांना ते त्यांच्या वडिलांच्या फ्लॅटबरोबर मिळालेलं.

दिवाळीनंतर दादा घरी आला, तरी शनिवार-रविवार तिकडे झोपायला जायचा. मग ती इमारत पुनर्विकासाला गेली. बिल्डर देत होता त्या भाड्यात परवडेल अशी जागा ठाण्यात मिळेना, म्हणून भाऊ-बहीण आंबिवलीला एका खोलीत गेले. मध्ये पडदा, शेजारी वेल्डिंगचं दुकान. काका तरीही यायचे. "थांबा, आठवतंय," म्हणायचे, आणि अंगठा करंगळीवरच अडकायचा. गोळी तीच होती. वकीलबाईंना साखरेचा चहा गेला, त्या काकांना चारचौघांत बोलल्या. काका ओशाळून मला म्हणाले, "झोप नाही हो लागत. दार नाही ना."

फरक डोक्याचा नाही, खोलीचा आहे, हे माझंच म्हणणं खरं ठरलं होतं. खोली गेली, तसे काकाही दादासारखेच झाले. मला बरं वाटायला हवं होतं. मी त्यांच्या हातातला ट्रे घेतला आणि वकीलबाईंचा चहा बदलून आणला.

उन्हाळ्यात त्यांचं येणं थांबलं. बहिणीचा फोन आला, "उतरायचं स्टेशन विसरतो गं तो आता."

दादा पुन्हा घोळ घालतो. मॅडमनी त्याच्याकडे निम्म्याच ऑर्डरी ठेवल्यात. पण रोज दुपारी तो डोळे मिटून अंगठा करंगळीवर ठेवतो आणि एक ग्लास न चुकता भरतो. आलं जास्त, दूध कमी. काकांचा. ठेल्याच्या कडेला ठेवतो, त्यावर साय धरते.

"दादा, ते नाही येणार."

"माहितीये गं. विसरायला नको म्हणून करतो."

मग माझा ग्लास माझ्या हातात देतो. मी कॉलेजात असल्यापासून बिनसाखरेचा पिते. ते काही त्याच्या लक्षात राहत नाही. मी तो गोड चहा पिते, आणि कडेच्या ग्लासाकडे बघत राहते.