बंद डब्यातली खिरापत

मागच्या वर्षी तुमच्या तिकडच्या शाळेत ऑटमचा ट्रे मांडला होता, तो तुमच्या आईने मला फोनवर दाखवला. लाल-पिवळी पानं, लहान भोपळे, दालचिनीच्या काड्या. तुम्ही दोघं बाह्या सरसावून त्यात कोपरापर्यंत हात घालून बसला होतात. धाकटीने दालचिनी चाटून बघितली आणि तोंड वाकडं केलं. मला ते फार आवडलं.

मी इंग्रजी शाळेत शिकले आणि पुढे इंग्रजीच शिकवलं. ऑटम म्हणजे पानगळ, असं फळ्यावर लिहिताना खिडकीबाहेर सगळं हिरवं असायचं. आपल्या अमरावतीत पानं गळतात फाल्गुनात. शरदात इथे कापूस फुटतो, ज्वारीची कणसं भरतात, सीताफळं डोळे उघडतात. म्हणून ठरवलं, तुम्हाला आपल्याकडचा शरद पाठवायचा.

डिसेंबरात तुमची आई येणार होती. त्याआधी मी सगळं जमवून गच्चीवर वाळवलं. कापसाची अख्खी बोंडं, ज्वारीचं कणीस, करंजाच्या शेंगा, सीताफळाच्या बिया, आपट्याची पानं, काळ्या मातीचं एक ढेकूळ. सागाचं पान सेमाडोहच्या रस्त्यावरचं, पॉलिश पेपरसारखं खरखरीत. प्रत्येक वस्तूला वेगळी थैली आणि सगळ्या थैल्यांना मिळून नाडीची एक मोठी खादीची पिशवी. तिच्यावर मी हिरव्या दोऱ्याने आपट्याचं पान काढलं, दोन पाकळ्यांचं. तुमच्या आईने पिशवी बॅगेत ठेवताना मी पाहिलं होतं. ती अकोल्याला तिच्या मामाकडे, म्हणजे माझ्या भावाकडे, एक दिवस राहिली आणि तिथूनच मुंबईला विमानासाठी गेली.

मग या वर्षी भुलाबाई बसली. आम्ही लहान होतो तेव्हा भादव्याच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत रोज संध्याकाळी घरोघर भुलाबाईची गाणी म्हणायचो. गाणी संपली की त्या घरची बाई झाकलेला डबा आणून हलवायची आणि आत काय आहे ते आम्ही ओळखायचं. आवाजावरून, वासावरून, डबा जड की हलका त्यावरून. खारे शेंगदाणे वेगळे वाजतात, फुटाणे वेगळे. ओळखेपर्यंत खिरापत वाटायची नाही आणि घरातल्या कोणी ती आधी बाहेर सांगायची नाही. माझ्या आईचा त्यावर कटाक्ष होता. आधी सांगणाऱ्या मुलीला आम्ही फितूर म्हणायचो आणि दुसऱ्या दिवशी तिला गाण्यात घ्यायचो नाही.

तोच खेळ मी तुमच्याशी व्हिडिओ फोनवर मांडला. आमची संध्याकाळ, तुमची शाळेआधीची घाई. मी स्टीलचा डबा फोनजवळ हलवायची. तुम्ही डोळे मिटून पिशवीत हात घालायचा आणि आवाजाची वस्तू बोटांनी शोधायची. फोनमध्ये मला तुमचे चेहरेच दिसायचे, पिशवी खाली मांडीवर असायची. तुमच्या आईला त्या दिवशीची थैली वर काढून ठेवता यावी म्हणून मी सकाळीच तिला सांगून ठेवायची, आज करंज, आज ज्वारी, आणि ती हाताला कशी लागते तेही.

तुम्ही एकदाही चुकला नाहीत.

"आजी, मऊ आहे," दादा म्हणाला, "पण कडेने टोचतं. कापसाचं बोंड!" वाळलेल्या बोंडाची टोकं टोचतात हे सातासमुद्रापार त्याच्या बोटांना कळलं म्हणून मी फोन ठेवल्यावर रडले. तुमचे आजोबा म्हणाले, "अगं, त्यात रडण्यासारखं काय आहे?" उत्तर देण्याआधी डोळे उघडून तुम्ही दोघं जरा बाजूला बघायचात. मला वाटायचं, लाजता.

अकोल्याच्या वहिनींना, म्हणजे तुमच्या मामेआजीला, मी रोज फोन करून हे सांगायची. त्या ऐकून घ्यायच्या. "हो का? पोट्टे हुशार हायेत बरं तुमचे," म्हणायच्या.

दसऱ्याला सोनं द्यायला मी अकोल्याला गेले. मागच्या अंगणात हात धुताना दोरीकडे लक्ष गेलं. कपड्यांच्या चिमट्यांची एक पिशवी टांगली होती. खादीची, नाडीची. उन्हाने हिरवा दोरा पिवळट पडला होता, पण आपला टाका आपल्याला कळतो. ती काढून घेऊन मी स्वयंपाकघरात गेले.

"वहिनी, ही पिशवी इथे कशी?"

त्या कढईतली पुरी तळत राहिल्या. "बसा तं खरं तुमी आधी, ताई."

"बसत नाही. पिशवी इथे कशी?"

"पोरगी ठेवून गेली. म्हणे मामी, तिकडं विमानतळावर बिया-माती चालत नाही, दंड करतात. आईले सांगू नको म्हणे. शपथ घातली तिनं मले."

"आणि आतलं सामान?"

"घरात ठेवून काय करू, तुमीच सांगा. कापसाच्या वाती केल्या. ज्वारी पाखरांले टाकली. ढेकूळ तुळशीत फोडलं. बाकीचा पालापाचोळा."

मी एरवी प्रमाण मराठीत बोलते हे तुम्हाला ठाऊक आहे. त्या दिवशी तोंडून माहेरचं निघालं. "काहून नाही सांगतलं मले? रोज फोन करत होती ना मी!"

"तुमी एवढ्या खूश होऊन सांगून राहिल्या, मंग मी कोन्या तोंडानं सांगू?" असं म्हणून त्यांनी ताटात पुरी वाढली. मी जेवले. सणाच्या दिवशी भरल्या ताटावरून उठत नाहीत. पण सोन्याची पानं त्यांच्या हातात न देता देवापुढे ठेवली आणि निघाले.

परतीच्या बसमध्ये मला दादाचं वाक्य आठवलं. मऊ आहे, पण कडेने टोचतं. ते माझंच होतं. सकाळी मी तुमच्या आईला असंच सांगितलं होतं.

तिला फोन केला. तिने काही नाकारलं नाही.

"किती दिवस वाळवत बसली होतीस तू, आई. नाही कसं म्हणणार होते? पिशवीऐवजी उशीचा अभ्रा दिला मुलांना. त्यात मोजे होते."

"नाही म्हणाली असतीस तर चाललं असतं."

"चाललं नसतं. तुला वाईट वाटलं असतं."

"मग आता काय वाटतंय?"

 ती म्हणाली, "मुलांना वाटतं हा आजीला खूश करायचा खेळ आहे."

नियमाचं तिचं बरोबर होतं. माती नेऊ नये, ते मलाही पटतं. पण मोज्यांत हात घालून कापूस म्हणायला तिने तुम्हाला शिकवलं, आणि ते ऐकून मी रडत होते, हे तिला माहीत होतं. वहिनींनाही माहीत होतं. फितूर झाल्या त्या माझ्या घरातल्याच दोघी.

कोजागिरीला, भुलाबाईच्या शेवटच्या दिवशी, मी सकाळी कोणालाच काही सांगितलं नाही. संध्याकाळी डबा हलवला. तुम्ही दोघांनी सवयीने बाजूला, आईकडे बघितलंत. तिकडून काही आलं नाही. पुन्हा हलवला. दादा खाली बघत राहिला. मग धाकटी फोनला कान लावून म्हणाली, "आजी, अजून एकदा." मी हलवला. "दगड?" नाही. "चॉकलेट?" नाही. "दात?" म्हणाली, कारण तिचा नुकताच पडला होता.

नाही, बाळा. पण इतक्या दिवसांत पहिल्यांदा कोणीतरी ऐकलं.

ओळखली नाही म्हणून खिरापत वाटली नाही. डबा फडताळात तसाच आहे, झाकणाला दोरा बांधून. आत आहे ते नासणारं नाही. तुमच्या आईने दोनदा विचारलं, मी सांगितलं नाही. वहिनींशी सध्या मी बोलत नाही. तुम्ही इथे याल तेव्हा डोळे मिटून स्वतःचा हात घाला. चुकलात तरी चालेल.