किसन मुकादमाची भिंत

“खाली उतर बे,” किसन मुकादम मोटारसायकलवरूनच म्हणाला. “माझ्याच भिंतीवर माझ्याच इरोधात लिवतोस?”

मी शिडीवर होतो. हातात ब्रश, ब्रशात लाल रंग. चकलांब्याच्या त्या वस्तीत रस्त्याला लागून प्लॅस्टर केलेली भिंत एकच होती, आणि ती ऊसतोडीची टोळी नेणाऱ्या मुकादमाच्या घराची निघाली. ज्या मॅडमनी मला काम दिलं होतं, त्यांनी सरपंचाला फोन केला होता. सरपंचानं किसनला सांगितलं होतं की सरकारी योजनेची जाहिरात आहे. किसन हो म्हणाला होता. कोणाची भिंत आहे हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

गेवराईत माझं पेंटरचं दुकान आहे. शिडी धरण्यापासून सुरुवात करून मी ते उभं केलं. फ्लेक्स आल्यापासून हातानं बोर्ड रंगवणाऱ्याला विचारतंय कोण? मॅडमची संस्था शहरातली. ऊसतोडीला जाणाऱ्या मजुरांची पिळवणूक थांबावी म्हणून त्यांचं जनजागृती अभियान चाललं होतं. फ्लेक्सचं मोठं काम त्यांनी शहरातल्या प्रेसला दिलं. माझ्या वाट्याला भिंती आल्या. मजकूर साधा करा, असं मी आधीच सुचवलं होतं. मॅडम म्हणाल्या, “रफिकभाई, डिझाइन अप्रूव्ह झालंय. तुम्ही फक्त रंगवा.” म्हणजे हात हवा होता, डोकं नको. तो राग मनात घेऊनच मी शिडी चढलो होतो.

दोन ओळी लिहून झाल्या होत्या. ‘शोषणमुक्त स्थलांतर, प्रत्येकाचा हक्क. मुकादमाच्या जुलमाला बळी पडू नका.’ समोरच्या घरातली सविता मला पाणी द्यायला आली तेव्हा तिनं विचारलं, “पेंटरभाऊ, काय लिवलंय?” मी वाचून दाखवलं. “मंजी काय?” ती म्हणाली. मी समजावून सांगायला लागलो आणि मध्येच अडकलो.

तिला चौथा महिना होता. दसरा झाला की किसनची टोळी निघणार होती, तीही त्यात होती. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, आगाऊ पैशांची उचल जोडीला मिळते. बाई घरी परतली की कोयता मोडला असं म्हणतात आणि मुकादम तिला सोडत नाही. गेल्या खेपेला सविता उसाच्या फडाजवळच्या कोपीत, पाचटाच्या झोपडीत, बाळंत झाली होती. मूल राहिलं नाही. हे तिनं नाही, ओट्यावर लसूण सोलत बसलेल्या तिच्या सासूनं, शेवंताकाकूंनी सांगितलं. सविता तोवर रिकामा तांब्या हातात घेऊन नुसती उभी होती.

आणि तेवढ्यात किसन आला.

माझं डोकं लवकर तापतं. मी म्हणालो, पुसायचं तर स्वतः पूस, मी बेस मारलेल्या भिंतीवर चुना फासणार नाही. बेस म्हणजे अक्षरांखालचा पांढरा हात. तो चांगला बसला तरच अक्षर टिकतं. किसननं माझ्या खानदानापर्यंत जाऊन शिव्या दिल्या. मीही उधार ठेवलं नाही. पाच-सहा माणसं जमली. मग माझं लक्ष सविताकडे गेलं. ती घाबरली होती. ज्याच्याबरोबर तिला सहा महिने राहायचं होतं त्याला मी चिडवत होतो आणि संध्याकाळी घरी निघून जाणार होतो.

मी खाली उतरलो. आमच्या धंद्यात भिंतीच्या मालकाला भाडं देत नाहीत. जाहिरातीखाली ‘शुभेच्छुक’ म्हणून त्याचं नाव लिहितात. त्या एका ओळीसाठी लोक अख्खी भिंत देतात. मी म्हणालो, “हे सगळं पुसतो. तुझं नाव टाकतो, वीतभर अक्षरात. पण वरचा मजकूर मी सांगेन तो.”

“काय लिवशील?”

“टोळीतली बाई गरोदर असली तर सातव्या महिन्यात घरी पोचवणार.”

तो हसला. “आन् ऊस कोन तोडंल? तू?”

नववा म्हण, असं त्यानं सुरू केलं. मी म्हणालो, नवव्यात काय रुग्णवाहिका पाठवतोस का. आठव्यावर तो बराच वेळ अडून बसला. तेव्हा ओट्यावरून शेवंताकाकू बोलल्या.

“तिच्या जागी मी येते.”

“काकू, तुमच्याच्यानं मोळी उचलंल का आता?”

“तुझ्या आयसंगं उचलत व्हते की. तू कोपीतच झालास, किसना. लई रगत गेलतं तिचं. मीच बसले व्हते रातभर तिचं डोकं मांडीवर घिऊन. तुला कुनी सांगितलं न्हाई?”

किसन मोटारसायकलची किल्ली बोटात फिरवत राहिला. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, “लिव सातवा. नाव मोठं काढ.”

मी पुन्हा बेस मारला. तो वाळेपर्यंत किसनच्याच घरचा चहा प्यायलो. मग लिहिलं: ‘आमच्या टोळीतली बाई गरोदर असेल तर सातव्या महिन्यात तिला घरी पोचवू. कोयता मोडतो म्हणून अडवणार नाही. शुभेच्छुक, किसन मुकादम.’ ‘अडवणार नाही’वर त्यानं कुरकुर केली. मी म्हणालो, रंग सुकला आता.

मॅडमना फोटो पाठवला. त्यांचा फोन आला की हा मजकूर अप्रूव्ह्ड नाही, मुकादमाची जाहिरात करायला आपण अभियान काढलं नाही. मी जे बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. शेवटी अप्रूव्ह झालेला मजकूर शाळेच्या मुतारीमागच्या भिंतीवर रंगवला. संस्थेच्या रिपोर्टात तोच फोटो आहे.

पौषात सविताला सातवा लागला तेव्हा किसननं फडावरच टाळाटाळ केली. ऊस संपू दे, पुढच्या आठवड्यात बघू. पण गावात त्याची बायको होती. दळणाला गेली, पाण्याला गेली, की बाया भिंतीकडे बघून विचारायच्या, सविता कधी येनार. तिनंच नवऱ्याला फोन केला, तिला धाडा न्हाईतर ते नाव पुसा, मला गावात तोंड दाखवायला जागा राहिली न्हाई. नाव पुसणं किसनला जमणार नव्हतं. सविता आली. तिच्या जागी शेवंताकाकू गेल्या.

मुलगी गेवराईच्या दवाखान्यात झाली. चांगली होती. काकूंनी ती पाहिली टोळी परत आल्यावर. मी तेव्हा दुसऱ्या कामासाठी चकलांब्याला गेलो होतो. काकूंच्या हातांना उसाच्या पानांनी कापल्याचे वण होते, म्हणून त्या नातीला पदरात गुंडाळून घेत होत्या. खरखरीत हात लागंल तिला, म्हणाल्या.

यंदा वडवणीकडच्या एका मुकादमानं मला भिंत रंगवायला बोलावलंय. त्याच्याकडच्या बाया उचल घेण्याआधी विचारतात म्हणे, तुमच्या भिंतीवर काय हाय? त्याच्याशी मी माझ्या दरासाठी भांडणार आहेच, सातव्या महिन्यासाठीही भांडणार आहे.

नव्या पेंटरला मी एवढंच सांगतो. मजकूर कोणी का पाठवेना, ब्रश बुडवण्याआधी भिंत कोणाची ते विचार, आणि समोरच्या ओट्यावर कोण बसतं तेही बघून घे.